बोईसरचं स्पिरिट आणि एडवणची वाळू

आम्ही निघालो त्या पहाटे आई दारापर्यंत आली, पण गाडीजवळ आली नाही. तिला त्या गाडीची भीती वाटे. खरं सांगायचं तर मलाही वाटे. पण मी पुढच्या सीटवर बसले होते आणि मांडीवर वही होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

ऐंशीच्या दशकातला तो हिवाळा. माझा मोठा भाऊ शरददादा नाशिकला मोटारींचं गॅरेज चालवायचा आणि मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होते. दादाने एक जुनी फियाट घेऊन दीड वर्ष खपून तिचं इंजिन शर्यतीसाठी नव्याने बांधलं होतं. वरचं झाकण म्हणजे हेड घासून कॉम्प्रेशन (आतला दाब) वाढवलं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले. पण एवढ्या कॉम्प्रेशनला साधं पेट्रोल पुरेना. जरा पाय दाबला की डब्यात खडे हलवावेत तसा आवाज इंजिनातून येई. दादाने वाचलं होतं की यावर उपाय म्हणजे उसाच्या मळीपासून काढतात ते स्पिरिट. ते थंड जळतं, इंजिन खडखडत नाही आणि गाडीची ताकद वाढते.

आमच्याकडे मळीला तोटा नव्हता, पण स्पिरिट सगळं सरकारी कुलपात. एक्साइजच्या ऑफिसात सहा हेलपाटे घालून दादाने यंत्राच्या चाचणीसाठी म्हणून चाळीस लिटरचा परवाना मिळवला. स्पिरिट द्यायला तयार झाला दादाचा शाळासोबती मधुकर. तो बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होता. गाडी दादाने चालवायची आणि मी स्टॉपवॉच धरून वहीत वेळा लिहायच्या, अशी आमची नेहमीची वाटणी. म्हणून मी बरोबर होते.

त्र्यंबक मागे टाकून जव्हारचा घाट उतरेपर्यंत दादाने गाडी अगदी जपून, बैलगाडीच्या चालीने आणली. तरी जव्हारच्या पुढे रेडिएटर उकळायला लागला. एका विहिरीजवळ थांबलो. रस्त्याने एक कुटुंब चाललं होतं. बायकांच्या डोक्यावर भांडी आणि गोधड्या, पुरुषांच्या खांद्यावर फावडी. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने आम्हाला पाणी शेंदून दिलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"खोकतं तुमचं गाडं," तो म्हणाला.

"औषध आणायला चाललोय," दादा म्हणाला. "बोईसरला."

"आमी पन तिकडंच. वीटभट्टीवर. भात झालं, आता पावसापरेंत काम नाय हितं." मग दोर गुंडाळत म्हणाला, "तिकडचं पानी पिऊ नका. वास हाय त्याला."

मनोरवरून पालघरला आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पालघर म्हणजे ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बाजारपेठेच्या टोकाला गवताच्या वखारी, दाबून बांधलेल्या गवताच्या गासड्या (मोठे गठ्ठे) घरांएवढ्या उंच रचलेल्या. चहाच्या दुकानासमोर एक पोलीस हवालदार सायकल टेकवून उभा होता. आम्ही काही गुन्हा केलेला नव्हता, तरी मी पर्समधून परवाना काढून त्यावरचा शिक्का पुन्हा बघितला. दादा हसला. "अजून भरलंय कुठे? जाताना घाबर," तो म्हणाला.

बोईसर आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. कुठे कुजक्या अंड्यांचा, कुठे गोडसर, पिकलेल्या केळ्यासारखा वास. वसाहतीत शिरल्यावर दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड्स आणि रस्त्याकडेच्या गटारातून वाहणारं विटकरी पाणी. म्हाताऱ्याची आठवण होऊन मी आमची घरच्या पाण्याची बाटली सीटखाली सरकवली. कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनने "किससे मिलना है?" विचारलं आणि मधुकरला बोलावून आणलं.

मधुकर किडकिडीत, सौम्य, सतत हात पुसत राहणारा माणूस. त्याने परवाना नीट वाचला, नोंद केली, साहेबांची सही आणली. मग आम्ही गोदामाकडे गेलो. तिथे निळ्या पिंपांच्या रांगा. बऱ्याच पिंपांवरची कागदी लेबलं ओल लागून सुटली होती. कामगाराने एका पिंपाला हातपंप लावला आणि आमचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून दिले. पाण्यासारखं स्वच्छ, हाताला थंडगार.

"एक दाखवतो," मधुकर म्हणाला. "हे बघितल्याशिवाय नेऊ नका."

त्याने एका लोखंडी ताटलीत थोडं स्पिरिट ओतून ती अंगणात उन्हात ठेवली आणि काडी टाकली. काहीच झालं नाही. ताटली तशीच, स्पिरिट तसंच. मी पुढे वाकले तर त्याने माझा दंड धरून मागे ओढलं. मग एक कागद ताटलीवर धरला. कागद तांबूस झाला, आक्रसला, काळा पडून त्याच्या चिमटीतून निसटला. ज्वाला मात्र कुठेच दिसत नव्हती.

"दिवसा याची आग दिसत नाही. थोडी पिवळट झाक तरी असते एरवी," तो ताटलीकडे बघत म्हणाला. "आज ऊन फार आहे."

त्या क्षणापासून माझ्या मनात ती न दिसणारी आग बसली. मुक्काम मधुकरच्या क्वार्टरवर होता. त्याच्या बायकोने घोळीच्या (एक मोठा समुद्री मासा) कालवणाचं जेवण केलं होतं, त्याच्या दोन मुली माझ्याशी पत्ते खेळल्या. मला मात्र सारखं वाटत होतं की बाहेर गाडीत काहीतरी पेटलेलं आहे आणि कुणालाच ते दिसत नाहीये.

चाचणी घ्यायला लांब, सपाट, निर्मनुष्य जागा हवी होती. मधुकरने एडवणचा किनारा सुचवला. ओहोटीला तिथली वाळू फरशीसारखी घट्ट होते. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर जायचं होतं, म्हणून सकाळी आम्ही दोघंच निघालो. परत पालघर, मग माहीम (मुंबईतलं नव्हे), केळवे. रस्ता पानमळ्यांमधून आणि नारळीच्या सावलीतून जात होता, इतका अरुंद की समोरून बैलगाडी आली तर थांबावंच लागे. मागे कॅन होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्यात डुचमळ ऐकू येई आणि माझे खांदे आपोआप वर जात. मांडीवर भिजवलेलं गोणपाट होतं आणि पायाशी वाळूची बादली. आग लागलीच तर काय करायचं, ते मी मनाशी दहा वेळा घोकलं.

एडवणला बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते. समुद्र दूर गेलेला. एक साठीची कोळीण मासळी उलटीपालटी करत होती. काशीबाय तिचं नाव. गाडी बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्या अंगाला नका घालू, बाय," ती मला म्हणाली. "रेती नरम हाय तिथं. ह्या बाजूनं जा. आनि दुपारच्या आत निघा, पानी चढंल."

दादाने कार्बोरेटरचे जेट (इंधन सोडणाऱ्या बारीक तोट्या) बदलले. स्पिरिट पेट्रोलपेक्षा बरंच जास्त लागतं, म्हणून भोकं मोठी केलेले जेट त्याने घरूनच हिशेब करून आणले होते. मग डिकीतल्या लहान टाकीत स्पिरिट भरायचं होतं. नरसाळं आम्ही मधुकरकडे विसरलो होतो. दादाने रबरी नळी कॅनमध्ये सोडली आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. सगळे मेकॅनिक असंच करतात; पेट्रोल त्याने आयुष्यात शेकडो वेळा असं ओढलं होतं. पहिल्या वेळी तोंडात आलेलं त्याने थुंकून टाकलं. नळी निसटली. दुसऱ्या वेळी ओढताना नेमकी त्याला शिंक आली आणि भलामोठा घोट सरळ पोटात गेला. त्यामागून आणखी एक.

तो खोकला, डोळ्यांतून पाणी आलं, मग हसायलाच लागला. मीही हसले. पाण्याची बाटली दिली. त्याने चूळ भरली आणि म्हणाला, "घसा पेटला. आता गाडी बघ कशी पेटते."

गाडी सुरू झाली. खडखड अजिबात नाही, हे खरं. पण जोर दिला की ती मध्येच दम तोडायची, कार्बोरेटरमधून फट्फट् उलटे बार यायचे. दादा उतरला, ऐकलं, पुन्हा पळवलं. मी तीन वेळा नोंदल्या. कपाळावर आठ्या घालून तो म्हणाला, "उपाशी चाललंय इंजिन. जेट लहान पडताहेत. हिशेब चुकायला नको होता." त्याने दोनदा कागदावर आकडेमोड केली. हिशेब बरोबर होता.

काशीबायने आम्हाला तांदळाची भाकरी आणि भाजलेलं सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणून दिलं. वाळूत बसून आम्ही खात होतो, तेवढ्यात किनाऱ्यावरून एक स्कूटर येताना दिसली. नरम वाळूत ती रुतली. चालवणाऱ्याने ती तिथेच आडवी टाकली आणि धावत सुटला. तो मधुकर होता.

तो जवळ आला. धाप थांबायच्या आधीच त्याने विचारलं, "कुणाच्या तोंडात गेलं का? प्यायलंय का कुणी?"

मी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "एक-दोन घोट गेले नळी ओढताना. का रे?"

तुटक तुटक बोलत मधुकरने सांगितलं ते असं. ताटलीतल्या ज्वाळेला पिवळी झाक अजिबात नव्हती, हे त्याला घरी गेल्यावरही बोचत राहिलं. सकाळी कामावर जाताच त्याने पिंपाचा नंबर रजिस्टरशी ताडून बघितला. लेबल नसलेलं ते पिंप दुसऱ्याच रांगेतलं होतं. त्यात मळीचं स्पिरिट नव्हतं, मिथेनॉल होतं. विषारी दारूतून माणसं मरतात ती ज्याच्यामुळे, ते.

"म्हणून इंजिन उपाशी चाललं तर," दादा हळूच म्हणाला. त्याला आधी ते सुचलं, याचं मला आजही नवल वाटतं. मिथेनॉल आणखी जास्त लागतं, म्हणून जेट लहान पडले होते.

"शरद, दवाखान्यात चल. आत्ता."

"मला काही होत नाहीये रे. दोन तास होऊन गेले. भाकरी खाल्ली मी."

"आत्ता काही होणारच नाही. ते उद्या होतं."

दादा मान हलवत होता. गाडीचं सामान पसरलेलं, भरती चढायला लागलेली. तो म्हणाला, आधी जेट बदलतो, पेट्रोलवर आणतो, मग सावकाश जाऊ. काशीबाय हे सगळं ऐकत उभी होती. ती पुढे आली.

"माजा दीर असाच," ती म्हणाली. "वाईट दारू प्याला व्हता. संध्याकाळपरेंत काय नाय. जेवला, नातवंडांसंगं बोलला. सकाळी उठला तं म्हने, दिवा लावा. भाईर ऊन पडलं व्हतं." तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. "दुपारी गेला."

दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी तेव्हा बघितला. त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

मी साधी गाडी चालवायची, पण ती गाडी फक्त गॅरेजच्या आवारात चालवली होती. जेट बदलायला वेळ नव्हता. त्याच मिथेनॉलवर निघालो. मधुकर मागच्या सीटवर, कॅन काशीबायच्या मांडवापासून लांब उलटे करून वाळूत ओतून दिलेले. ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की इंजिन गचके खाई, सोडला की एकदम उसळी घेई. बॉनेटवरची हवा थरथरताना दिसली आणि मला वाटलं, पेटलं. ती गरम हवा होती की आग, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. थांबून बघायची हिंमत नव्हती. केळव्याच्या पुढे गवताने शिगोशीग भरलेली बैलगाडी समोर, रस्त्याच्या दोन्ही कडांना टेकलेली. मधुकर उतरून ओरडत पुढे धावला. गाडीवानाने शांतपणे बैल पानमळ्याच्या कुंपणाकडे वळवले. त्याला बहुधा मिनिटच लागलं असेल. मी तेवढ्यात दादाला चार वेळा विचारलं, "दिसतंय ना नीट?"

"तू रस्त्याकडे बघ," तो म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता.

पालघरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असाव्यात. त्यांनी आधी किती घेतलं, केव्हा घेतलं, ते विचारलं. मग कुठून आणलं, असं विचारल्यावर मी परवाना असलेली पर्स घट्ट धरली. आमच्या परवान्यात मिथेनॉल नव्हतं. खरं सांगितलं तर पोलीस येणार, मधुकरची नोकरी जाणार, कदाचित आणखी वाईट होणार. त्याच्या मुलींचे चेहरे डोळ्यांपुढे आले.

"माझ्या हातून गेलंय, डॉक्टर," मधुकर म्हणाला. "मिथेनॉलच आहे, मी नंबर बघून आलोय. पोलिसांना काय लिहून द्यायचं ते मी देतो. तुम्ही याचं बघा." हात पुसायचे थांबवून त्याने ते पाठीमागे धरले.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. "नक्की माहीत आहे हे बरं झालं. नाहीतर मी वाट बघण्यात वेळ घालवला असता," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ उतारा एकच आहे. दारू. शरीर आधी ती पचवायला घेतं, तोवर हे विष हळूहळू बाहेर पडतं. तासातासाला मोजून द्यावी लागेल. कुणीतरी जाऊन बाटली आणा."

मधुकर गेला. दादा कॉटवर उठून बसला. "मी नाही पिणार," तो म्हणाला.

आमचे वडील दारूने गेले. मी आठ वर्षांची होते, दादा सोळाचा. त्यांना अड्ड्यावरून उचलून आणायला दादाच जायचा. त्यांना अग्नी देऊन आल्यावर त्याने आईच्या पायावर हात ठेवून शब्द दिला होता, आणि मित्रांच्या लग्नाकार्यातही त्याने तो कधी मोडला नव्हता.

"आईला काय सांगू?"

"मी सांगेन. डोळे गेले तर तेही मलाच सांगावं लागेल. त्यापेक्षा हे सोपं आहे."

मधुकरने बाटली आणली. दादाने पेला घेतला. नाक दाबून, डोळे मिटून प्यायला. पहिल्या घोटाला उलटी झाली, पुन्हा दिली. खोलीभर तो वास पसरला आणि मला आमच्या जुन्या घराचा जिना आठवला. संध्याकाळपर्यंत चार डोस झाले. पाचव्यानंतर दादा हसला. ते हसू वडिलांचं होतं. बोलणंही तसंच झालं, मोठ्याने, शब्द ओढून. माझा भाऊ दिसत होता आणि आवाज त्यांचा येत होता. मी खुर्ची मागे सरकवली. एवढ्या दोन दिवसांत इतकी भीती मला कशाचीच वाटली नव्हती. मग तो म्हणाला, "ताई, बाबांना पण असंच वाटत असेल का गं? काहीच दुखत नाही याच्यात." आणि रडायला लागला. त्याने मला कधीच ताई म्हटलं नव्हतं. मी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी खुर्ची पुन्हा पुढे घेतली.

उजाडल्यावर डॉक्टरीणबाईंनी खिडकी उघडली. दादाचा डावा डोळा झाकून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. त्याने वार, तिथी, खालचं बारीक अक्षरसुद्धा वाचलं. मग उजवा झाकला. त्याने मान आधी एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या.

"कडेचं दिसतंय," तो म्हणाला. "मध्ये पांढरं आहे."

आम्ही तिथे चार दिवस होतो. पोलिसांनी जबाब घेतले. मधुकरला नंतर बरेच महिने चकरा माराव्या लागल्या. कारखान्याने त्याच्याकडून केमिस्टचं काम काढून घेतलं आणि पुढे तो ती नोकरी सोडून गेला. तो गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. दादा नाशिकला परतला असता, आजारी पडला असता आणि आम्ही ताप समजून कपाळावर पट्ट्या ठेवत बसलो असतो. हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे. या लिहिण्यामागेही तेच कारण आहे. मी त्या प्रवासात आगीला, पोलिसांना, भरतीला घाबरत होते. जे झालं ते आम्ही दोघं मिळून हसत होतो तेव्हा झालं. माणसाची भीती किती चुकीच्या जागी पहारा करत बसते, हे मला एडवणच्या वाळूवर कळलं.

गाडी आम्ही दवाखान्याच्या आवारातच ठेवली. गॅरेजमधला एकजण नंतर जाऊन पेट्रोलवर चालवत घेऊन आला. दादाने जाड गॅस्केट घालून तिचं कॉम्प्रेशन उतरवलं. शर्यत त्याने पुन्हा केली नाही.

परतताना एसटीने निघालो, सकाळच्या पहिल्या गाडीने. दादा खिडकीशी बसला होता. मनोर गेलं, विक्रमगड गेलं. जव्हारचा चढ सुरू झाल्यावर त्याने डावा डोळा हाताने झाकून बाहेर बघितलं आणि एकदम माझं मनगट धरलं. त्याची बोटं गार होती.

"बाहेर धुकं आहे का?" त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

मी त्याच्या अंगावरून वाकून बाहेर बघितलं. दरी दिसत नव्हती. झाडांचे शेंडे तेवढे वर आलेले, बाकी सगळं पांढरं.

"आहे," मी म्हणाले. "मलाही काही दिसत नाहीये, दादा."

त्याने मनगट सोडलं आणि डोकं मागे टेकून डोळे मिटले.